जाड सेरिफ फॉन्ट वितरकाकडून मंजूर करून घेताना: माझा अनुभव

माझा जाड सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या रेषा असलेला) डिस्प्ले, म्हणजे मोठ्या आकारात वापरायचा, फॉन्ट वितरकाच्या तपासणीतून सुटायला इतका वेळ लागला की त्याचा राग अजून गेलेला नाही. अक्षरं काढणं, अंतर बसवणं, कर्निंग (अक्षरांच्या जोड्यांमधलं अंतर जुळवणं) ही कामं कष्टाची, पण आपल्या हातातली. गाडी अडली ती ओळीच्या उंचीच्या आकड्यांवर.

आधी फॉन्टविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जाहिरातींसाठी 'फॅट फेस' अक्षरं आली, त्या घराण्यातला हा रोमन लिपीचा फॉन्ट. १९२२ च्या कूपर ब्लॅक या फॉन्टसारखा गोल, गुबगुबीत नाही, बोडोनी या जाड-बारीक रेषांच्या जुन्या अक्षरशैलीच्या वळणाचा. दांडे भरभक्कम, सेरिफ आणि आडव्या रेषा अगदी बारीक. अक्षर ज्या १००० युनिटच्या (फॉन्टच्या आतल्या मापाच्या) चौकटीत काढतात, तीत माझा उभा दांडा २१० युनिट जाड आहे आणि बारीक रेषा २०. म्हणजे ६० पॉइंटला ती रेषा १.२ पॉइंटची होते आणि झकास दिसते. १२ पॉइंटला जेमतेम पाव पॉइंट उरते आणि छापताना तुटते. काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर शाई पसरून ती आणखी लवकर बुजते. म्हणून हा फॉन्ट मथळ्यांचा, मुखपृष्ठांचा, पोस्टरचा. लहान मजकुराला तो कुणी लावू नये असं मला मनापासून वाटतं.

आता ते आकडे. फॉन्टच्या फाइलमध्ये ओळीची उंची सांगणारे तीन संच असतात: एचएचईए, टायपो आणि विन. मॅक पहिला वाचतो. विंडोजवर बरेच प्रोग्रॅम विन वाचतात; 'यूज टायपो मेट्रिक्स' हा बिट, म्हणजे फाइलमधली 'टायपोचे आकडे वापरा' सांगणारी खूण, चालू असेल आणि प्रोग्रॅम तो मानत असेल, तर टायपो. शिवाय अक्षराचा जो भाग विनच्या हद्दीबाहेर जातो, तो काही ठिकाणी चक्क छाटला जातो.

माझ्या फॉन्टमध्ये व्हिएतनामी भाषेची सोय आहे. तिथे कॅपिटल 'ई'वर टोपी आणि त्या टोपीवर तिरकं चिन्ह येतं. कॅपिटलची उंची ७००, पण ही चळत १०८० पर्यंत गेली. खाली लोंबणारा भाग २३०. विनमध्ये हे सगळं मावायचं तर ओळ १३१० युनिटची होते. मथळ्याच्या जाड अक्षरांना इतकी सैल ओळ मारक असते. ओळी एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या हव्यात, तरच अक्षरांचा ठसा उमटतो. म्हणून मी एचएचईए आणि टायपो मिळून १००० वर ठेवले, विन मोठं ठेवलं आणि तो बिट चालू केला. हे रीतसर आहे.

वितरकाच्या यंत्राने, म्हणजे आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रॅमने, ते मान्य केलं. पुढच्या टप्प्यावरच्या माणसाने नाकारलं: 'ओळी फार सैल, डिस्प्ले फॉन्टला शोभत नाहीत.' त्यांची नमुना दाखवणारी खिडकी विनचेच आकडे वाचत होती! विन कमी करून पाठवलं, तर यंत्राने परत केलं: 'अक्षर हद्दीबाहेर.' म्हणजे एक जण वाढवा म्हणतो, दुसरा कमी करा म्हणतो, आणि दरवेळी फाइल पुन्हा रांगेच्या शेवटी. कारण समजावून सांगायला फॉर्मवर एक ओळीचीही जागा नाही. उत्तरं ठरावीक साच्यातली, खाली नाव नाही. व्हिएतनामी काढून टाका म्हणजे प्रश्न मिटेल, असाही सल्ला आला. तो मी मानला नाही. ज्या भाषेला चिन्हं जास्त, तिने सुंदर मथळे लावायचे नाहीत का?

मी कॅपिटलवरची चिन्हं नव्याने काढली. तिरकं चिन्ह टोपीच्या डोक्यावर न ठेवता उजव्या खांद्याशी बसवलं. व्हिएतनामीत ही पद्धत रुळलेली आहे. चिन्हांची जाडी दांड्याच्या निम्म्याहून कमी केली, नाहीतर ती ढेकळांसारखी दिसतात. उंची ९६० वर आली आणि अक्षर आधीपेक्षा देखणं झालं, याचा मला अभिमान आहे. मग एका पीडीएफमध्ये तेच वाक्य तिन्ही संचांनुसार शेजारी शेजारी लावलं, बिटचं स्पष्टीकरण लिहिलं आणि थेट मदत विभागाला पाठवलं. तिथे कुणीतरी ते खरोखर वाचलं, आणि फॉन्ट सुटला. तुम्ही ही पीडीएफ पहिल्याच दिवशी फाइलसोबत पाठवा.

वर्तुळवालं कॅपिटल 'ए'ही तपासा. जाड फॉन्टमध्ये ते वर्तुळ पटकन बुजतं.

आणखी एक, वापरणाऱ्यांसाठी. ब्राउझर मथळे आपणहून बोल्ड करतात. फॉन्टला एकच जाडी असेल आणि ती रेग्युलर म्हणून नोंदवलेली असेल (अब्रिल फॅटफेस हा फॉन्ट तसाच मिळतो), तर ब्राउझर त्यावर खोटी जाडी चढवतो आणि 'ई', 'ए'च्या पोकळ्या भरून जातात. सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सूचनांमध्ये) मथळ्याचं फॉन्ट-वेट नॉर्मल लिहा. माझ्या फॉन्टसोबतच्या माहितीपत्रात ही सूचना मी पहिल्याच ओळीत घातली आहे.