खांदेरी कुठली, उंदेरी कुठली

सागरगडाच्या पडक्या तटावर एक दगड डुगडुगत होता. मी तो पायाने सरकवून नीट लावला आणि ट्रेकला आलेल्या एका मुलीला म्हटलं, "ये, इथे बस, समोर सगळं दिसतं." पुढचं सगळं त्या दगडापायी झालं, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

ऑक्टोबरची अखेर, रविवार, अठरा जणांची बॅच. अलिबाग-पेण रस्त्यावरच्या खंडाळे गावातून ही वाट चढते. (लोणावळ्याच्या खंडाळ्याला जाऊन "सर, तुम्ही कुठे आहात?" विचारणारा एक तरी महाभाग दरवर्षी भेटतो.) पावसाळ्यात धबधब्यापायी इथे नुसती जत्रा असते. मला हा गड पाऊस गेल्यावरच आवडतो. सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत चढ, मग झाडीतून सागरमाची. तिथे एका घरी दुपारच्या भाकऱ्या सांगून ठेवल्या आणि घरातले मामा कोयता घेऊन आमच्याबरोबर गडावर निघाले. आमच्यापैकी कोणी वाट चुकत नाही, पण मामा असले की बरं वाटतं.

गडावरून पश्चिमेला अलिबागचा किनारा आणि पाण्यात दोन ठिपके दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. माझं ठरलेलं भाषण सुरू झालं होतं. 1679 मध्ये महाराजांनी खांदेरीवर बांधकाम काढलं, मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला, आणि लगेच सिद्दीने शेजारची उंदेरी गाठली. "आता यातली खांदेरी कुठली..." एवढ्यात तिने हात झटकला.

"मुंगी चावली बहुतेक."

मुंगी कसली, तपकिरी-तांबडा, बोटभर लांबीचा विंचू दगडाखालच्या फटीत शिरत होता. बाकीच्यांनी आरडाओरडा केला, ती मात्र शांत. कॉलेजात शिकणारी, एकटीच आलेली, सकाळपासून फारसं न बोललेली. "फार दुखत नाहीये सर, आपण पुढे जाऊ." मला हायसं वाटलं. अकरा वर्षं हे काम करतोय, रडणाऱ्या माणसाला सांभाळायची सवय आहे. न रडणारा मिळाला की आपण त्याला शहाणा म्हणतो.

मामांचा चेहरा बघितला आणि हायसं वाटणं संपलं. "बोंबलत असती तर काळजी नव्हती. ही गप हाय."

पाचेक मिनिटांनी तिला घाम फुटला. ऑक्टोबरच्या उन्हात घाम कोणाला येत नाही? पण मी तिचा तळवा हातात घेतला तर तो काकडीसारखा थंड. वरच्या ओठावर घामाचे थेंब मोत्यांसारखे उभे, बाही कोपरापर्यंत ओली, आणि बोटं गार. मग उलटी झाली. वेळ मी हातावर पेनाने लिहिली: 11:10. आमच्या फर्स्ट एडच्या पेटीत बँडेज होतं, वेदनाशामक फवारा होता, पट्ट्या होत्या. विंचवासाठी काहीच नव्हतं.

तिला चालू द्यायचं नाही, हे तेवढं मला सुचलं. मामांनी माचीवर हाक घातली, तिथून एक बांबू आणि जाड चादर आली, झोळी झाली. चौघे आळीपाळीने खांदा देत उतरलो. देवळाच्या खालच्या उतारावर पायाखालची खडी सरकते, तिथे मी दोनदा गुडघ्यावर आलो. मागचा लीडर बाकीच्यांना घेऊन उतरला. त्या दिवशीच्या भाकऱ्या कोणी खाल्ल्या, देव जाणे.

अलिबागच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता?" मी हात पुढे केला. नाडी, रक्तदाब, छातीला स्टेथोस्कोप, आणि मग एक छोटीशी गोळी. मला वाटलं होतं मोठं इंजेक्शन असणार. तेही आलंच, विंचवाचं प्रतिविष. पण आधी गोळी. प्राझोसिन, एरवी रक्तदाबाची. हे विष शरीरातले मज्जातंतू पिसाळवतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. ही गोळी त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करते. आपल्या कोकणात तांबड्या विंचवाने कितीतरी माणसं गेली, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि 1986 मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. महाड माझ्या घरापासून किती लांब? वर्षातून चार ट्रेक त्याच रस्त्याने करतो, आणि हे मला वॉर्डातल्या बाकड्यावर बसून कळलं.

"आणि मामा म्हणाले ते?" मी विचारलं.

"बरोबर म्हणाले. नुसतं खूप दुखतंय, बाकी काही नाही, अशा पेशंटची मला कमी काळजी वाटते."

गोळीने रक्तदाब एकदम उतरतो म्हणून तिला उठून बसायला बंदी होती. रात्री दहाला हातपाय गरम झाले. तिची आई पुण्याहून निघाली होती. मी स्टुलावर, ती छताकडे बघत पडलेली.

"सर, खांदेरी कुठली ते सांगायचं राहिलं."

"दीपगृह आहे ती. मोठी, लांबची. काठाजवळची बुटकी ती उंदेरी."

"मग मी दोन्ही बघितल्या," ती म्हणाली आणि झोपली.