अपालाचियन ट्रेल : आधी तारखा, मग पाठपिशवी

अमेरिकेतील अपालाचियन ट्रेल ही लांब डोंगरवाट सलग चालण्याचा बेत सांगितला की बहुतेक जण पाठपिशवी कोणती घेणार, तंबूचे वजन किती, असेच विचारतात. माझ्या मते हे प्रश्न फार नंतरचे आहेत. जॉर्जियातील स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधील कटाडिन शिखरापर्यंत चौदा राज्यांतून जाणारी ही सुमारे ३,५०० किलोमीटरची वाट आधी तारखांचा हिशेब मागते, आणि तो शेवटाकडून मांडावा लागतो. कटाडिन ज्या बॅक्स्टर स्टेट पार्कमध्ये आहे तेथील मुक्कामाचा हंगाम १५ ऑक्टोबरला संपतो. तेथून पाच-सहा महिने मागे यावे, तर एप्रिल उजाडतो. त्याआधी निघालो तर वाटेच्या सुरुवातीच्या टप्प्यातील स्मोकी पर्वतांत बर्फ तुडवावा लागण्याची शक्यता अधिक. (१९२१ मध्ये ही वाट सुचवणाऱ्या बेंटन मॅके यांना ती कोणी एका दमात चालावी, असे अभिप्रेत नव्हते, १९४८ मध्ये अर्ल शॅफर यांनी ते करून दाखवले.)

तारखांनंतर येते ते जेवण. मी शाकाहारी असल्यामुळे वाटेवरच्या छोट्या गावांतील दुकानांवर पूर्ण भिस्त ठेवता येणार नाही. कच्ची डाळ शिजवण्याइतका गॅस वाहून नेणे परवडणारे नाही, म्हणून मुगाच्या डाळीची खिचडी घरीच मऊ शिजवून, डिहायड्रेटरच्या जाळीवर पातळ पसरून खडखडीत वाळवतो आहे; डोंगरावर ती उकळत्या पाण्यात झाकून ठेवली की पुरे. फोडणीला तेल नावापुरतेच, कारण तेलकट पदार्थ नीट वाळत नाही आणि लवकर खवट होतो. तूप वेगळ्या बाटलीत, मेतकूट आणि दाण्याची चटणी पुड्यांत.

हा शिधा खोक्यांत भरून वाटेवरच्या गावांत पोस्टाने पाठवण्याची जबाबदारी न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणाऱ्या ताईने घेतली आहे. तथापि, गावातले पोस्ट रविवारी बंद आणि शनिवारी उघडले तरी थोडा वेळच, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी पोहोचणाऱ्याला सोमवारपर्यंत अडकून पडावे लागते. शक्य तेथे मी हॉस्टेलचाच पत्ता देणार आहे. शिवाय रोज तेच खाऊन जीव विटतो, हे अनेकांनी सांगितल्यामुळे पहिल्या महिन्यापुरतीच खोकी भरतो आहे. अपवाद फक्त मेनमधील मॉन्सन या गावाचा : तेथून पुढच्या सुमारे १६० किलोमीटरच्या रानात वाटेवर एकही गाव नाही, म्हणून आठ दिवसांचा शिधा असलेले ते खोके आताच बांधून ताईच्या ताब्यात देणार आहे.