चादरीवरचा डाग आणि लाँड्रीच्या पावतीवरचं ‘इतर’

पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हार्मोन कमी होतं, योनीमार्ग कोरडा पडतो, संबंधांच्या वेळी त्रास होतो. त्यावर ल्युब्रिकंट, म्हणजे कोरडेपणा घालवणारं निसरडं द्रव, वापरा, असं माझ्या डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं आणि कॅल्शियमच्या गोळीखाली लिहूनही दिलं. तिथं काही अडलं नाही. औषधाच्या दुकानातही नाही. अडलं ते चादरीपाशी, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही म्हणून हे लिहितेय. बाटलीबरोबरच्या कागदावर बाटली कुठे ठेवावी, कुठे ठेवू नये, सगळं छापलेलं असतं. कपड्यावर सांडलं तर काय, त्याची एक ओळ नाही.

सुरुवातीला पाण्याचं जेल होतं. त्याचे डाग मी डागात धरतच नाही. वाळलं की पांढुरका कडक पापुद्रा येतो, गार पाण्यात बुडवून ठेवला की सुटतो, मग नेहमीची धुलाई. पण ते लवकर वाळतं म्हणून सिलिकॉनचं घेतलं. सोय उत्तम, तक्रार नाही. फक्त आमची फिकट निळी, सॅटिन विणीची कॉटनची चादर मशीनमधून निघून वाळली, तरी तिच्यावर तळहाताएवढे दोन ठिपके ओलेच दिसत होते. हात लावावा तर कोरडे. उजेडात धरावं तर आरपार झाक. पुन्हा धुतली, पुन्हा तेच.

आमच्याकडे धुणं-भांड्याला येणाऱ्या मावशींनी विचारलं, “ताई, तेल सांडलं का हो?” मी हो म्हटलं आणि चादर गुंडाळून मोठ्या लाँड्रीत न्यायची ठरवली. काचेचं दार, एसी, संगणकावरची पावती, म्हटलं यांना तरी कळत असेल.

पावतीवर डागाचा प्रकार लिहायचा रकाना होता. चहा, तेल, शाई, रक्त, इतर. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, “कसला आहे मॅडम?” मी म्हटलं, सिलिकॉनचा. “म्हणजे खिडकीला लावतात ते?” नाही, म्हटलं, ल्युब्रिकंट. त्याची मान खाली गेली. मागे उभ्या असलेल्या काकांनी लगेच मोबाइल काढला. मग तो अगदी हळू आवाजात, माझ्यावर उपकार करत असल्यासारखा म्हणाला, “मसाज ऑइल लिहू का?” मी म्हटलं, मसाज ऑइल नाहीये ते. तेल लिहिलंत तर तेलाचं धुवाल आणि डाग तसाच राहील. सिलिकॉन लिहा, चार अक्षरं आहेत. त्यानं ‘इतर’वर टिचकी मारली. बाजूला लिहायला जागा होती, ती मोकळीच राहिली.

मी एवढंच विचारलं की ड्रायक्लीनला टाकता का. कारण ड्रायक्लीनमध्ये पाणी नसतं, पेट्रोलियमचं किंवा तशा जातीचं द्रावण असतं, आणि सिलिकॉन पाण्यापेक्षा त्यात कितीतरी बरं विरघळतं. उत्तर आलं, “बेडशीट वॉशलाच जाते मॅडम. किलोवर. ड्रायक्लीन साडीला आणि ब्लेझरला.” जास्तीचे पैसे देते म्हटलं. सिस्टीममध्ये बेडशीटसमोर ड्रायक्लीनचं बटणच येत नाही म्हणाला. स्क्रीन वळवून दाखवलीसुद्धा.

चादर सांगितलेल्या दिवशी तयार नव्हती. मग म्हणे वर्कशॉपला आहे. मग म्हणे पुन्हा प्रोसेसला घातली. आली ती कडक इस्त्रीची, सुवासिक, पारदर्शक पिशवीत, आणि वर चिठ्ठी: ‘डाग निघत नाही. ग्राहकाच्या जबाबदारीवर.’ धुलाईचे पैसे पूर्ण. पिशवी तिथेच फोडली. ठिपके जिथल्या तिथे, वर सुवासासाठी कंडिशनर ओतलेला. कंडिशनर धाग्यावर स्वतःचा थर चढवतो, म्हणजे आधीच्या थरावर आणखी एक थर. त्याचेही पैसे पावतीत होते.

मग मी माझ्या पाण्याच्या बाटलीतला एक थेंब त्या ठिपक्यावर टाकला. अळवावरचं पाणी. गोल, चकचकीत, आत शिरायला तयार नाही. दुसरा थेंब शेजारच्या स्वच्छ भागावर टाकला, तो क्षणात पसरला. मुलानं वाकून पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलला: “हे साध्या धुण्यानं निघणारं नाही मॅडम.” मी काय सांगत होते बाबा! मॅनेजर साहेब आले. त्यांनी थेंबाकडे बघितलं नाही, पावतीमागचे नियम वाचून दाखवले. पैसे परत मिळाले नाहीत, ते नाहीतच. तेव्हा तुम्ही लाँड्रीत नेणार असाल तर काउंटरवरच थेंब टाकून दाखवा आणि पावतीवर ‘सिलिकॉन’ लिहून घ्या. लाजायचं त्यांनी, आपण नव्हे. ड्रायक्लीनला घेत नसतील तर तिथूनच परत फिरा.

त्या थेंबानंच खरं तर सगळं सांगितलं होतं. जिथे पाणीच आत शिरत नाही, तिथे पाण्यात कालवलेली पावडर काय शिरणार? म्हणून चादर भिजवायची नाही. कोरड्या चादरीवर, पाणी न घालता, भांडी घासायचं लिक्विड थेट डागावर ओतायचं. खाली जुना टॉवेल घ्यायचा, नाहीतर डाग खालच्या पदराला लागतो. जुना मऊ टूथब्रश गोल गोल फिरवायचा, उलट्या बाजूनंही. अर्धा तास तसंच सोडून द्यायचं. मग चादर चालेल तेवढ्या गरम पाण्यात तेवढाच भाग चोळून काढायचा. लेबलवर 60 अंश असेल तर 60, रंगीत असेल तर बहुधा 40 असतं. वाळवून पुन्हा थेंबाची परीक्षा. माझ्या चादरीवरचा थेंब आधी नुसता गोल बसला, पुढच्या खेपेला चपटा होऊन हळूहळू मुरला, आणि शेवटी चटकन पसरला. तो पसरला तेव्हा मी एकटीच बाल्कनीत “बघा!” म्हणून ओरडले. किलोवाल्यांना जे जमलं नाही ते दहा रुपयांच्या लिक्विडनं केलं.

कड राहिली होती जराशी. तिला केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन टिपलं. सिलिकॉन त्यात पूर्ण विरघळत नाही, पण सैल पडतं, मग पुन्हा लिक्विड. रंग जातो का ते आधी दुमडीच्या कोपऱ्यावर बघा. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा स्वयंपाकघरात नको, खिडकी उघडी ठेवा आणि मशीनमध्ये घालण्याआधी चादरीतलं स्पिरिट पूर्ण उडू द्या.

हो, एक राहिलं. धुताना बाथरूमच्या फरशीवर सिलिकॉनचा अंश उतरतो आणि फरशी अशी घसरते की विचारू नका. सासूबाई त्याच बाथरूममध्ये जातात, म्हणून मी आधी तिथे लिक्विड टाकून खराट्यानं घासलं.

व्हिनेगरनं सिलिकॉन सुटत नाही. ब्लीचनं तर अजिबात नाही, उलट सूत कमजोर होतं. दोन्ही एकत्र तर चुकूनही घालू नका, क्लोरीन वायू सुटतो. आणि आमच्यासारखं टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर साबणाच्या वडीच्या नादी लागू नका, तिचा पांढरा साका धाग्यात बसतो. लिक्विडला जड पाण्याचा तेवढा त्रास नाही.

आपली बाटली कुठल्या जातीची, हे घटकांच्या यादीत बघा. डायमेथिकोन, डायमेथिकोनॉल, सायक्लोपेंटासिलॉक्सेन अशी नावं असली की सिलिकॉन. यातलं शेवटचं हवेत उडून जातं, म्हणून डाग पहिल्या दिवशी मोठा दिसतो आणि नंतर आक्रसतो. आपोआप गेला असं वाटतं. डायमेथिकोन जात नाही, ते तिथेच असतं. ग्लिसरीन आणि पाणी वर असेल तर बहुधा तुमची चादर सुखरूप आहे.

मैत्रिणीनं विचारलं, खोबरेल काय वाईट? डागाच्या बाबतीत ते सोपं. थंडीत 24 अंशांच्या आसपास थिजतं म्हणून पाणी कोमट हवं, बाकी पद्धत हीच. पण डाग लगेच काढा, राहिला तर पिवळा पडतो आणि खवट वास धरतो. आणि कंडोम वापरत असाल, तर खोबरेल नकोच. तेलानं कंडोमचं लॅटेक्स रबर कमजोर होऊन फाटतं.

इस्त्री मात्र थेंब पसरल्याशिवाय नाही, मग डाग कसलाही असो. तेल तापलं की सुतात पक्कं बसतं. गादीवर उतरलं असेल तर ओतायचं काहीच नाही. लिक्विडचा नुसता फेस करून फेसानंच पुसा, ओल्या फडक्यानं टिपा आणि पंखा लावून ठेवा. आता आम्ही गडद रंगाचा एक जाड टॉवेल त्यासाठीच ठेवलाय. तो मावशींच्या धुण्यात जात नाही, माझ्या मशीनमध्ये वेगळा लागतो, आणि त्याला कंडिशनर नाही.