हातातला तुकडा

भाला मोडला, ते ठीकच. मोडण्यासाठीच तो लाकडाचा. पण मोंगोमेरीने हातात उरलेला तुकडा वेळेत टाकला नाही.

पॅरिस, ३० जून १५५९. राजघराण्यातल्या लग्नांनिमित्त भरवलेले भालाझुंजीचे सामने: दोन स्वार समोरासमोर घोडे दौडवत एकमेकांवर भाला मारणार. आणि मैदानात मोंगोमेरीसमोर खुद्द फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री. त्या तुकड्याच्या ढलप्या राजाच्या शिरस्त्राणाच्या झडपेतून थेट डोळ्याच्या वर घुसल्या. दहाव्या दिवशी राजा गेला. व्हेसालियससारखा नामांकित वैद्य ब्रसेल्सहून आला, तरी.

खरं तर या खेळात जीव वाचवायची सोय बारकाईने केलेली असे. दोन घोड्यांच्या मधे लाकडी आडोसा, म्हणजे टक्कर नको. भाला उजव्या काखेत, पण रोख घोड्याच्या मानेवरून डावीकडे. घाव तिरका बसायचा, भाला मोडायचा. टोकाला बहुधा अणीऐवजी तीन-चार बोथट दाते. काही शिरस्त्राणं तर अशी, की पुढे वाकलं तरच फटीतून दिसणार. आघाताच्या क्षणी मान वर केली की फट झाकली. स्वार तेवढ्यापुरता आंधळा!

आणखी एक फेरी हवी, हा हट्ट राजाचाच होता म्हणतात. मोंगोमेरी राजाच्याच पहारेकऱ्यांचा कप्तान. तो नाही कसा म्हणणार?