बैठकीला जाऊन मिळतं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकावा लागतो, आणि विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच पालक असतात. 'विशेष शिक्षणाचा आराखडा ठरवायच्या बैठकीला तुम्ही नेमानं जाता. शेवटी ते त्यांना हवं तेच करतात. मग जाऊन मिळतं काय?'

पहिली दोन वर्षं काहीही मिळालं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना मी भाबडी वाटणार नाही.

मी तिथं गेले ती रागानं. माझी मुलगी स्वमग्न आहे. तेव्हा ती सात वर्षांची होती. तिच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या बैठकीत मी स्पीच थेरपीचे आठवड्याला तीन तास मागितले. समोरच्या बाई चांगल्या होत्या. गरज आहे हे त्यांनी मान्य केलं, पण थेरपिस्ट एक आणि शाळा सहा, तेव्हा आठवड्याला अर्धा तास. मी भांडले, रडले, घरी आले. बऱ्याच महिन्यांनी लक्षात आलं की मी भलत्याच खोलीत भांडत होते. सहा शाळांना एक थेरपिस्ट हे त्या बाईंनी ठरवलेलंच नव्हतं. ते आदल्या वर्षी, सगळ्या भागाच्या आराखड्यात ठरून गेलं होतं. मुलं किती, त्यांच्या गरजा कोणत्या, विशेष शिक्षक किती, गाड्या किती, कशावर किती खर्च, सगळं त्या एका कागदात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून मग त्या आराखड्याच्या बैठकीला गेले. कामाचा दिवस, सकाळी अकराची वेळ. साठेक पानांचा मसुदा हातात पडला तो तिथंच, खुर्चीवर बसल्यावर. कुणीतरी तो चाळीस मिनिटांत भराभर सांगितला, 'काही सूचना?' असं विचारलं आणि हजेरीचा कागद फिरवला. आम्ही पाच पालकांनी सह्या केल्या. पुढं पक्का आराखडा आला त्यात ओळ होती, 'पालकांशी सल्लामसलत करण्यात आली आहे.' आमच्या त्या पाच सह्या म्हणजेच सल्लामसलत!

शेरी आर्नस्टीन या अमेरिकन बाईंनी 1969 साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तळाच्या पायरीवर लोकांना नुसतं वापरून घेतात, सगळ्यात वरच्या पायरीवर निर्णय लोकांच्या हातात असतो. माहिती देणं, मत विचारणं या मधल्या पायऱ्या. तिथं तुमचं ऐकतात, पण त्याप्रमाणे वागायचं बंधन कुणावर नसतं. खालून दुसऱ्या पायरीला त्यांनी नाव दिलंय 'थेरपी'. वाचून मला हसूच आलं. आम्ही थेरपीच्या एकेका तासासाठी जीव टाकतो, आणि इथं तिचा अर्थ काय, तर लोकांनाच रोगी समजून त्यांची समजूत घालत बसणं. पण त्या पहिल्या बैठकीत आम्ही नेमके त्याच पायरीवर होतो. 'तुमच्यावरचा ताण आम्ही समजू शकतो' हे वाक्य मी तीनदा ऐकलं.

कायद्यांचं म्हणाल तर ते वाईट नाहीत. अमेरिकेत 1975 च्या कायद्यानं मुलाच्या आराखड्याच्या टेबलाशी पालकाला जागा दिली. कॅलिफोर्नियात भागाच्या आराखड्यासाठीही सल्लागार समिती असते. तिच्यात बहुसंख्य सदस्य पालक हवेत, त्यांतही बहुसंख्य विशेष गरजा असलेल्या मुलांचे. आराखडा वर पाठवण्याआधी समितीला तो वाचायला किमान 30 दिवस द्यावे लागतात. भारतात 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि शाळेचा विकास आराखडा करायचं काम त्याच समितीकडे सोपवलं. 2012 च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं 'वंचित घटका'त आली, म्हणजे त्यांच्या पालकांनाही त्या समितीत प्रमाणात जागा हवी. मला विचाराल तर या सगळ्यात खुर्च्यांच्या हिशेबापेक्षा ते 30 दिवस मोलाचे आहेत. खुर्ची मिळाली तरी न वाचलेल्या कागदावर सही होतेच की.

तिसऱ्या वर्षी आम्ही भांडण सोडून एकच मागणी लावून धरली, मसुदा आधी द्या. तीन आठवडे आधी मिळाला. पानं वाटून घेतली. आणि आमच्यातल्या एका आजोबांनी सुचवलं की नुसत्या पालकांनी वाचून भागायचं नाही, मुलांशी रोज ज्यांचा संबंध येतो त्यांनाही दाखवू.

वाहतुकीच्या रकान्यात एकच शब्द होता, 'उपलब्ध'. तो वाचून बसवरच्या मदतनीस ताई म्हणाल्या, 'उपलब्ध आहे हो, पण दुसऱ्या फेरीला उशीर नको म्हणून आम्ही पोरांना शाळा सुटायच्या वीस मिनिटं आधीच बाहेर काढतो.' रोजची वीस मिनिटं, वर्षाचे दोनशे दिवस धरा: 66 तासांहून जास्त शिकणं बुडत होतं. आणि आम्ही पालक काय म्हणत होतो? मुलं अगदी वेळेवर घरी येतात!

दुसरा धक्का मला जास्त लागला. याच भागातल्या शाळेत शिकलेला, व्हीलचेअर वापरणारा एक तरुण आम्ही बोलावला होता. मसुद्यात रॅम्पवर दोन पानं होती. तो म्हणाला, 'रॅम्प माझ्या वेळीही होता. स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जायची नाही, म्हणून मी सकाळपासून पाणी प्यायचो नाही. सहा वर्षं.' त्याची आई शेजारीच बसली होती. तिलाही हे तेव्हाच कळलं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा 2006 चा करार म्हणतो की त्यांच्याविषयीचे निर्णय घेताना दिव्यांग व्यक्तींना, मुलांनासुद्धा, त्यांच्या संघटनांमार्फत सामील करून घ्या. मला ती कागदी भाषा वाटायची. त्या दिवसापासून 'आई म्हणून मला माहीत आहे' हे वाक्य मी फार जपून वापरते.

मग मिळालं काय? दुसऱ्या फेरीची वेळ पुढं ढकलली, मुलं आता शेवटची घंटा ऐकून निघतात. आराखड्यात स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी आणि कोणत्या वर्षी कोणत्या शाळेचं काम, हे लिहून आलं. दुसऱ्या थेरपिस्टची जागा मंजूर झाली आणि वर्षभर रिकामी राहिली. माझ्या मुलीला आता आठवड्याला एक तास मिळतो. मागितले होते तीन, आणि ते ती सात वर्षांची असताना. आता ती अकराची आहे.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. बैठकीला येतो कोण? ज्याला कामावरून सुट्टी मिळते, ज्याला साठ पानं वाचता येतात, ज्याच्या मुलाला तासभर सांभाळायला घरी कुणी आहे, तो. सगळ्यांच्या वतीनं म्हणून मी बोलते खरी, पण 'सगळ्यां'पैकी निम्म्यांना मी कधी भेटलेली नाही. आम्ही फोन करतो, मसुद्यातला मजकूर बोलून त्याचे आवाजी निरोप पाठवतो. एका बाबांनी रात्री साडेदहाला उलटा निरोप पाठवला, मागं यंत्राचा आवाज येत होता. त्यांचा मुद्दा आम्ही मांडला, पण ते स्वतः तिथं असते तर वेगळा मांडला असता, हे मला बोलतानाच जाणवत होतं.

तुम्ही येणार असाल तर बसल्याबसल्या पहिल्यांदा एवढंच विचारा, 'यातलं काय अजून बदलता येतं?' उत्तरात पानं आणि तारखा आल्या तर बैठकीत बसून राहा. समोरचे एकमेकांकडे बघायला लागले तर हजेरीच्या कागदावर सहीशेजारी लिहा, 'मसुदा आजच मिळाला.' मी दोन वर्षं ते लिहिलं नाही.

पुढची बैठक गुरुवारी आहे. वेळ अजूनही सकाळी अकराचीच. माझ्या यादीत तो मुद्दा पहिला आहे.