आमची वाटचाल : चुन्याच्या टाकीपासून काळ्या मातीपर्यंत

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या प्लेटिंग (धातूचा मुलामा देणाऱ्या) कारखान्यांचं धुवण पाणी, इथून आमचं काम सुरू झालं. तेव्हाची सर्रास पद्धत म्हणजे सगळं पाणी एका टाकीत आणि वरून चुना. जस्त गाळ होऊन खाली बसतं, निकेलही बरंचसं. पाणी मात्र पिवळंच राहतं, कारण हेक्साव्हॅलंट क्रोम (क्रोमचं विरघळणारं, विषारी रूप) चुन्याने बसतच नाही.

म्हणून आधी प्रत्येक प्रकारच्या पाण्याच्या नाळ्या वेगळ्या केल्या. क्रोमच्या पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप; कमी म्हणजे जास्त आम्ल) सल्फ्युरिक ॲसिडने 2 ते 2.5 वर आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे क्रोमला चुन्याने बसणाऱ्या रूपात आणणारी पावडर. लिटरला 50 मिलिग्रॅम क्रोम असेल तर 1000 लिटरला हिशेबाने 140 ग्रॅम. प्रत्यक्षात 180-200 धरावं. अर्धा तास ढवळलं की पिवळं पाणी हिरवट होतं. नुसत्या रंगावर जाऊ नका. डायफिनाइलकार्बाझाइड हे तपासणीचं रसायन टाकून नमुना जांभळा झाला, तर हेक्साव्हॅलंट क्रोम शिल्लक आहे. पीएच 4 वर सरकला की क्रिया रेंगाळते आणि ऑपरेटर उगाच पावडर ओतत बसतो. दोष बहुधा चुना चढलेल्या पीएच प्रोबचा असतो. आपल्याकडचं जड बोअरचं पाणी! आठवड्यातून एकदा प्रोब सौम्य ॲसिडमध्ये धुवा.

पुढे चुन्याने पीएच 8.5. कॉस्टिकने फार वर नेला तर बसलेला क्रोम परत विरघळतो. निकेलला मात्र 10 च्या वर लागतो, म्हणून त्याची टाकी निराळी. बाहेर सोडायच्या पाण्यातली कायदेशीर मर्यादा हेक्साव्हॅलंट क्रोमला लिटरला 0.1 मिलिग्रॅम, निकेलला 3. सायनाइडचं पाणी ॲसिडच्या नाळीत चुकूनही नको, जीवघेणा वायू सुटतो. झिंक-निकेलच्या बाथमधली (मुलाम्याच्या द्रावणातली) अमाइन्स ही रसायनं निकेल धरून ठेवतात; तिथे चुना हरतो, सल्फाइड किंवा कार्बामेट वापरावं लागतं. डोस जार टेस्टनेच (भांड्यांत थोड्या पाण्यावर वेगवेगळे डोस करून पाहून) ठरवावा.

अशा पाण्याने बिघडलेल्या मातीचं काम नंतर आलं, आणि ते अवघड. आपली काळी माती निकेल, शिसं घट्ट धरते. क्रोमेट (हेक्साव्हॅलंट क्रोमचं पाण्यातलं रूप) मातीसारखंच ऋणभारित, त्याला ती सोडून देते. उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिल्या पावसात क्रोम त्यांतून थेट खालच्या खडकात. अशी माती उकरून, बांध घातलेल्या काँक्रीट ओट्यावर भिजवून हिराकस (फेरस सल्फेट) मिसळतो. वरून नुसती शिंपडली तर ती तिथल्या तिथे गंजून जाते, खोलवर पोचत नाही. क्रोम मातीतच राहतो, फक्त त्याचं रूप बदलतं. म्हणून लीच टेस्ट (मातीतून पाण्यात किती क्रोम उतरतो याची चाचणी) पास झाल्याशिवाय ओटा रिकामा करत नाही. निकेलच्या मातीला हिराकस चालत नाही. ती आणि फिल्टर प्रेसचा केक (पाण्यातून दाबून काढलेला गाळ), दोन्ही रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पाकडे जातात.