कंबरेला झेपणारी मधपेटी

मेलिफेरा या पाळीव मधमाशीच्या, १० चौकटींच्या (माश्या ज्यात पोळं बांधतात त्या लाकडी चौकटी) पेटीवरचा मधाचा कोठा, म्हणजे वरचा मजला, भरला की ३०-३५ किलोला जातो. तोही वाकून, अंगापासून लांब धरून, माश्या घोंघावत असताना उतरवायचा. करडई आणि मोसंबीचा आंबे बहर एकाच सुमाराला येतो, त्या दिवसांत कंबर धरणारच.

पेट्या एकाच बागेत राहणार असतील तर आडवी पेटी करून घ्या. कोठ्यावर कोठा नाही, २४ चौकटी एकाच रांगेत. चौकटीला ३५ मिमी धरले की ८४० मिमी. दोन सरकत्या फळ्या आणि थोडी मोकळीक मिळून आतली लांबी ९०० ठेवा. सुतार चुकतो तो रुंदीत. चौकटी नव्या पेटीच्या रुंदीत टांगायच्या, म्हणून जुन्या पेटीची आतली लांबी हीच नव्या पेटीची रुंदी. खोली जुनीच. झाकण अखंड केलं तर तेच जड होतं. तीन तुकड्यांत करा, लागेल तेवढंच उघडा.

चौकटींच्या वरच्या पट्ट्या कंबरेला येतील एवढं स्टँड उंच हवं. काळ्या मातीत प्रत्येक पायाखाली फरशी टाका, नाहीतर पहिल्या पावसात एक पाय खचतो. लांबीत पेटी कलली की पोळं सरळ ओळंब्यात खाली येतं, चौकट मात्र तिरपी, आणि शेजारच्या दोन चौकटी चिकटतात. पाणसळ लांबीत लावून बघाच. पाणी निघायला उतार द्यायचा तो रुंदीत, बोटभर. पायांना वाट्या, त्यात पाणी आणि वर काळं ऑइल. मुंग्या चढत नाहीत.

दार एका टोकाला, तिकडे पिलांच्या १०-११ चौकटी, मग उभी राणीजाळी (कामकरी माश्या जातात, राणी अडते), पलीकडे मध. जाळीच्या कडेला फट राहिली तर राणी पलीकडे जाऊन अंडी घालते. वसाहत लहान असताना अख्खी पेटी मोकळी सोडू नका. माश्यांचा पहारा नसलेल्या पोळ्यात मेणकिडा, म्हणजे पोळं पोखरणारी अळी, शिरतो. फळी सरकवत जागा वाढवा. माशीचा कल मध वर साठवण्याकडे, त्यामुळे ऐन बहरात भरलेल्या चौकटी मागे सरकवून जाळीलगत रिकामं पोळं द्यावं लागतं. हा व्याप आहे, पण एका वेळी हातात येतं अडीच-तीन किलोच. मे महिन्यात नवं पोळं उभंच धरा. आडवं केलं की तुटून पडतं.

पिकअपमधून फिरवणाऱ्यांना ही पेटी कामाची नाही. त्यांनी मधाचा कोठा पावणेसहा इंची करावा, भरून १५-१८ किलो. तोही नको असेल तर शेजारी रिकामी पेटी ठेवून चार-चार चौकटी न्या.